इम्प्लांट झालेल्या लेकीला पहिलीत कुठे घालावं? आणि मोठ्या वर्गात गेल्यावर पुढे काय होतं?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कराड तालुक्यातली. माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, एप्रिलमध्ये तिला सहा पूर्ण झाली. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. पण दीड वर्षाची होईपर्यंत आम्ही समजत होतो की उशिरा बोलेल, कारण मिस्टरही उशिरा बोलले होते असं सासूबाई सांगायच्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची गाडी आली, त्यातल्या डॉक्टरांनी बेरा तपासणीला (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायला) पाठवलं, तेव्हा कळलं. दोन वर्षं दहा महिन्यांची असताना उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं आणि बाहेरून मशीन लावलं की तिला ऐकू येतं, सरकारी योजनेतून. तेव्हापासून स्पीच थेरपी चालू आहे, एकही आठवडा मुद्दाम चुकवलेला नाही.

आता ती बोलते. अनोळखी माणसालाही तिचं बोलणं बहुतेक कळतं. फोनवर मामाशी बोलते, गाणी म्हणते, दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ओ देते. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, बाकीच्या पोरांत आणि हिच्यात काही फरक नाही.

शाळेच्या तीन वाटा आहेत. वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर, पहिलीला बारा-तेरा मुलं, बाई मायाळू. दुसरी कराडमधली इंग्रजी माध्यमाची, व्हॅनने जायचं, एका वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. मिस्टरांचा ओढा तिकडे आहे, कारण दिव्यांग म्हणून पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशात तिचा नंबर लागण्यासारखा आहे. तिसरी कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, दुसऱ्या तालुक्यात. सासूबाईंना वाटतं तिथे तिला कोणी चिडवणार नाही.

ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं की मूल साध्या शाळेत जाईल. ते खरंही होईल. पण तिसरी, पाचवी, आठवीत गेल्यावर या मुलांचं काय होतं, ते कोणीच सांगत नाही. ज्यांची मुलं पुढे गेली आहेत त्यांनी खरं काय ते सांगावं. वाईट असलं तरी चालेल, आत्ताच कळलेलं बरं.

नगरचा_बाबा

ताई, माझा मुलगा सातवीत आहे. इम्प्लांट साधारण तुमच्या लेकीच्याच वयात झालं. आम्ही गावातली जिल्हा परिषदेची शाळा धरली आणि चौथीपर्यंत तिथेच ठेवला. दोन शिक्षकांची शाळा होती. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात मशीन हातात घेऊन बघितलं, डोक्याला लावायची कॉईल कुठे चिकटते, लाईट कुठला लागतो, बॅटरी कशी बदलायची, सगळं विचारून घेतलं. मी त्या दिवशी निश्चिंत झालो. शाळा निवडताना इमारत बघू नका, वर्गावरचा माणूस बघा.

दुसरी गोष्ट पैशाची. मशीन फुकट मिळालं म्हणून पुढे खर्च नाही असं धरून चालू नका. वॉरंटी संपली की केबल, कॉईल, बॅटरी सगळं पदरमोड. आमची केबल ऐन पावसाळ्यात गेली, नवी यायला फार दिवस लागले आणि तेवढे दिवस पोरगा वर्गात नुसता बसून आला. तेव्हापासून एक केबल जादा घरात असतेच. आणि बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे कानावर लावायचं मशीन, काही वर्षांनी जुना होतो, त्याचे भाग मिळेनासे होतात, नवा घ्यायचा तर खर्च लाखांत जातो. पोस्टात तिच्या नावानं आरडी आजच उघडा.

अभ्यासाचं तुम्ही विचारलंत. आमच्या मुलाची गणितं चांगली, आकडेमोड तोंडी करतो. मराठीचा धडा मात्र आजही मी आधी गोष्टीसारखा सांगतो, मग तो वाचतो. चौथीत जरा गडबड झाली होती. त्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं, मला कारण नीट सांगता येणार नाही.

श्रवणवाट

ताई, मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका. आधी विशेष शाळेत होते, आता समग्र शिक्षा योजनेतून सांगली जिल्ह्यातल्या साध्या शाळांमध्ये फिरून शिकवते. माझ्याकडे पहिलीपासून दहावीपर्यंतची इम्प्लांटवाली मुलं आहेत, म्हणून तुमच्या प्रश्नावर लिहायलाच हवं. लांब होईल, सवडीनं वाचा.

आधी चांगलं सांगते. दोन वर्षं दहा महिने हे वय चांगलं आहे. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद ऐकणाऱ्या मुलांच्या जवळ येतो, आणि सात वर्षांनंतर झालं तर तो क्वचितच तसा होतो. तुम्ही वेळेत होतात. तिचं बोलणं जे सुधारलं आहे ते त्याचं आणि तुमच्या मेहनतीचं फळ आहे.

आता नगरच्या दादांनी ज्याला चौथीतली गडबड म्हटलं त्याबद्दल. पहिली-दुसरी बहुतेक मुलांची छान जाते. तिसरीच्या शेवटाला किंवा चौथीत मार्क घसरू लागतात आणि घरच्यांना वाटतं की पोर आळशी झालं, मोबाईल जास्त बघतं. तोवरच्या पुस्तकात चित्रं जास्त, वाक्यं छोटी, आणि बाई ज्याबद्दल बोलतात ते समोर दिसत असतं. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास येतो. तह केला, वेढा उठवला, फितूर झाला, मोहीम काढली. ऐकणाऱ्या मुलाच्या कानावरून हे शब्द आधीच गेलेले असतात, पोवाड्यातून, मालिकेतून, आजोबांच्या गप्पांतून. आपल्या मुलांना बाजूला चाललेलं बोलणं आयतं मिळत नाही. मशीन समोरच्या माणसाचं बोलणं ऐकवतं. ओट्यापाशी तुम्ही आणि जाऊबाई काय बोलताय, ते पाच-सहा हातांवर बसलेल्या तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ऐकणारी मुलं जे शब्द फुकटात गोळा करतात, ते हिला कोणीतरी समोर बसून द्यावे लागतात.

त्यात आपल्या लिपीमुळे एक चकवा होतो, तो मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायचं. एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल कुठलाही धडा खडखडा वाचतं. बाई खूश, साहेब तपासणीला आले तर तेही खूश. पुस्तक मिटून विचारा, 'तो का रडला?' तर मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. मी असं सातवीपर्यंत गेलेलं मूल पाहिलं आहे. त्याचं वाचन वर्गात सगळ्यांत स्वच्छ होतं.

घरी करून बघा. तिला सांगा, 'कावळ्याला चिमणीनं हाक मारली.' आणि विचारा, हाक कोणी मारली? गोष्ट ओळखीची घेऊ नका, नाहीतर ती आठवणीतून उत्तर देईल. पुष्कळ मुलं कावळा म्हणतात, कारण कावळ्याचं नाव आधी आलं. मराठीत कोणी, कोणाला, कोणाचं, कशानं हे सगळं शब्दाच्या शेवटच्या एका अक्षरात असतं. बोलताना आपण तेच अक्षर गिळतो. गोंगाट असलेल्या वर्गात ते इम्प्लांटमधून आधी हरवतं. नामं आणि क्रियापदं पोचतात, त्यांना बांधणारा दोरा पोचत नाही.

गणितात हेच होतं. माझ्याकडे चौथीतला एक मुलगा होता, पाढे तोंडपाठ, भागाकार बिनचूक. त्याला शाब्दिक उदाहरण दिलं: पेटीत 48 आंबे होते, त्यांपैकी 6 सडले, उरलेले 7 मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती मिळाले? त्यानं तिन्ही आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली आणि 61 लिहून वही माझ्याकडे सरकवली. मी अंगणातले खडे आणले, 48 मोजले. 'त्यांपैकी' म्हणताना त्याच ढिगावर हात ठेवला आणि 6 खडे बाहेर काढून ठेवले. 'उरलेले' म्हणताना ढीग त्याच्यापुढे ओढला. 'प्रत्येकी' म्हणताना सात कागद मांडले आणि एकेका कागदावर बोट ठेवत गेले. वाटणी सुरू होण्याआधीच तो 6 म्हणाला. गणित त्याला येतच होतं. पैकी, प्रत्येकी, पेक्षा, ऐवजी, खेरीज, जरी-तरी हे शब्द कोणी त्याला कधी हातात धरून दिले नव्हते. त्याच्या प्रगतिपत्रकावर मात्र 'गणितात कच्चा' असा शेरा पडणार होता.

आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या ॲन गिअर्स यांच्या गटाचं काम सांगते. पाच वर्षांच्या आत इम्प्लांट झालेली 181 मुलं त्यांनी आठ-नऊ वर्षांची असताना तपासली, आणि निम्म्याहून थोडी जास्त मुलं ऐकणाऱ्या मुलांच्या सरासरीत वाचत होती. त्यांतली 112 मुलं हायस्कूलला गेल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा चाचणीप्रमाणे 47 ते 66 टक्के मुलं सरासरीत किंवा तिच्या वर होती. स्पेलिंग आणि स्वतःच्या मनानं मुद्देसूद लिहिणं यांत पुष्कळ जण मागे होते. इम्प्लांट येण्याआधी तिथली कर्णबधिर मुलं शाळा संपवताना सरासरी चौथीच्या पातळीचं वाचायची, त्यामानानं ही झेप मोठी आहे. पण उरलेली मुलं कमी पडली तीही इम्प्लांटवालीच होती. म्हणून ऑपरेशन झालं, आता सगळं होईल, असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

शाळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही जसं लिहिलंय त्यावरून वस्तीवरची शाळा. बारा-तेरा मुलं आणि घरात बोलतात तीच भाषा. तुमची लेक मराठी उशिरा, कष्टानं आणि अजून अर्धीच शिकली आहे. ती पक्की होण्याआधी सगळे विषय दुसऱ्या भाषेतून आले, तर घरी तुम्हाला धडा समजावून सांगणंही अवघड जाईल, आणि या मुलांचा खरा आधार तोच असतो. मिस्टरांना सांगा की इंग्रजी विषय मराठी शाळेतही पहिलीपासून आहे. पन्नास मुलांच्या वर्गात पंखे, बाक सरकवल्याचे आवाज, शेजारच्या वर्गातलं पाठांतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. मागच्या बाकावर बाईंचा आवाज त्या गोंगाटात बुडतो.

निवासी विशेष शाळेला मी नावं ठेवणार नाही, मी शिकवायला तिथेच शिकले. ज्यांना इम्प्लांट उशिरा झालं, किंवा होऊनही बोलणं आलं नाही, त्या मुलांना तिथे खुणांची भाषा मिळते, सवंगडी मिळतात, आणि अशी मुलं साध्या शाळेत मागच्या बाकावर गप्प बसवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 31 प्रमाणे 6 ते 18 वयापर्यंत जवळची शाळा की विशेष शाळा हे तुम्ही निवडायचं, आणि शिक्षण मोफत. उद्या गरज वाटली तर बदलता येतं. आज तिला घराबाहेर ठेवायचं कारण मला दिसत नाही, तिची भाषा घरात वाढते आहे.

शाळेत घातल्यावर काय करायचं ते सांगते. उजव्या कानाचं मशीन आहे, म्हणजे फळ्याकडे तोंड केल्यावर तिला डावीकडे बसवा, बाई आणि बाकीचा वर्ग तिच्या उजव्या कानाकडे येतील. पहिल्या बाकापेक्षा दुसरा बरा, मान वळवली की उत्तर देणारं पोरही दिसतं. बाईंच्या पाठीमागे खिडकीचा उजेड नको, ओठ काळे दिसतात. फळ्यावर लिहीत असताना बोलू नका एवढी विनंती करा. शाळेला पत्रा असेल तर पावसाच्या सरीत शिकवलेलं तिच्यापर्यंत गेलं नाही असंच धरा आणि घरी घ्या.

रोज सकाळी मशीन लावलं की तिच्या मागे उभं राहून सहा आवाज काढा: आ, ऊ, ई, म, श, स. डॅनियल लिंग यांची ही तपासणी जगभर वापरतात, मिनिटाचं काम आहे. बोलण्यातल्या जाड-बारीक आवाजांचा सगळा पट्टा त्यात येतो. तिनं ऐकून तसाच म्हणून दाखवायचा. काल येत असलेला स आज आला नाही, तर आधी केबल बदलून बघा, माईकच्या जाळीत घाम किंवा धूळ आहे का बघा, तरी नाही तर मॅपिंगला, म्हणजे मशीन तिच्या ऐकण्याला जुळवून घ्यायला, न्या. हे बाईंनाही शिकवा. लाईट लागतोय म्हणजे मशीन चालू आहे असं सगळे समजतात, आणि मूल आठवडाभर अर्धवट ऐकत बसतं.

आणि थेरपी बंद करू नका. बोलायला लागली की पालक थांबतात, प्रवासाला कंटाळतात, तेही माझ्या लक्षात येतं. पण पहिली ते पाचवीचा काळ भाषेसाठी फार मोलाचा. फक्त थेरपिस्टना सांगा की आता उच्चारांपेक्षा गोष्ट, प्रश्न आणि पुस्तकातले शब्द घ्या.

तिसरं_वर्ष

मी कोल्हापूरला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं इम्प्लांट पाच वर्षांची असताना झालं, म्हणजे काकूंच्या मुलीपेक्षा बरंच उशिरा. सगळं शिक्षण साध्या शाळेत, मराठी माध्यमात. दहावीला 71 टक्के होते.

श्रवणवाट मॅडमनी लिहिलेलं वाचून मला माझीच पाचवी आठवली. मला एक भर घालायची आहे. बाई कौतुकानं म्हणायच्या, 'हिला ऐकू येत नाही हे कळतसुद्धा नाही.' घरी सगळे खूश व्हायचे. पण त्या वाक्यानंतर मला कोणी मदत करायचं नाही. मला समजलं नाही असं सांगितलं तर बाई म्हणायच्या, लक्ष कुठे होतं? बोलणं जेवढं स्वच्छ होत गेलं तेवढं लोकांना वाटत गेलं की मला सगळं ऐकू येतं. काकू, तुमच्या मुलीला लवकरात लवकर 'मला कळलं नाही, परत सांगा' हे न लाजता म्हणायला शिकवा. आणि नुसतं 'परत सांगा' नाही, 'पान नंबर कळला, पुढचं कळलं नाही' असं नेमकं. मग शिक्षक चिडत नाहीत.

दुसरं, दमायला होतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत माझं डोकं जड व्हायचं, कारण बाकीची मुलं नुसती ऐकतात, मी प्रत्येक वाक्य जुळवत असते. सुट्टीत मी कॉईल काढून दहा मिनिटं शांत बसायचे. शाळेत कोणीतरी त्याला नाटक म्हणालं होतं. घरी आल्या आल्या तिला अभ्यासाला बसवू नका.

तिसरं मैत्रिणींचं. एकटीशी बोलताना मला काही अडचण नसते. पाच-सहा जणी एकदम बोलायला लागल्या, हसल्या, की मी पण हसायचे, कशावर ते न कळता. आठवी-नववीत याचं फार वाईट वाटायचं. एक मैत्रीण होती, ती हळूच माझ्याकडे वळून विषय सांगायची, 'सहलीचं चाललंय.' एवढे दोन शब्द मिळाले की पुढचं मला लागायचं. अशी एक मैत्रीण मिळावी म्हणून तुम्ही काही करू शकत असाल तर करा, वाढदिवसाला वर्गातल्या मुली घरी बोलवा.

खुणांची भाषा मी कॉलेजला आल्यावर शिकले, इथल्या कर्णबधिर मित्रमैत्रिणींकडून आणि दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राच्या शब्दकोशातले व्हिडिओ बघून. लहानपणी मला बंदी होती, हातवारे केले तर बोलणं थांबेल म्हणून. आता मी दोन्ही वापरते आणि माझं बोलणं कुठेही गेलेलं नाही. पोहायला गेलं, रात्री झोपताना मशीन काढलं, बॅटरी संपली, की मी बहिरीच असते. तेव्हाही मला कोणाशी तरी बोलायचं असतं.

कृष्णाकाठ

तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ काढून लिहिलंत. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं.

काल संध्याकाळी कावळा-चिमणीचं वाक्य तिला विचारलं. 'कावळ्यानं मारली' म्हणाली. मग मी तिचे दोन खेळण्यातले पक्षी घेऊन करून दाखवलं, तर लगेच कळलं आणि नंतर मलाच प्रश्न विचारायला लागली. पण आधीचं उत्तर ऐकून पोटात गोळा आला. इतकी बोलते, आणि हे कळत नाही?

शाळेचं ठरलं, वस्तीवरचीच. मिस्टर अजून कुरकुर करतात, पण बारा मुलांचा वर्ग त्यांना पटला. दोन शंका राहिल्या. एक, आणखी वर्षभर बालवाडीत ठेवून मग पहिलीत घातलं तर भाषा पक्की होईल का? आमच्या नात्यातले सगळे तेच सांगतात. दुसरी, खुणांचं. आमच्या थेरपिस्ट स्पष्ट नको म्हणतात, आणि वरची मुलगी वेगळं सांगते. मी काय करू?

श्रवणवाट

पोटात गोळा यायचं कारण नाही. सहाव्या वर्षी हे सापडलं, चौथीत सापडलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. खेळणी घेऊन जे केलंत तेच रोज करा, धड्याचं नाव न काढता. जेवायला वाढताना, 'दादाला ताईनं पापड दिला. कोणी दिला?' कपड्यांच्या घड्या घालताना, 'टॉवेलखेरीज सगळं कपाटात ठेव.' चुकली तर बरोबर उत्तर सांगून मोकळं होऊ नका, करून दाखवा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. शेवटचं अक्षर जरा ठासून म्हणा, पण तोंड वेडंवाकडं करून नाही. रात्री झोपायच्या आधी, मशीन काढण्यापूर्वी, एक गोष्ट वाचा. मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारा. उत्तर चुकीचं आलं तरी पूर्ण वाक्यात येऊ द्या.

वर्षभर मागे ठेवू नका. बालवाडीतल्या भाषेनं पहिलीची भाषा येत नाही, आणि पुढे ती वर्गात सगळ्यांत मोठी दिसेल ते वेगळंच. तिला तिच्या वयाच्या मुलांत राहू द्या.

खुणांवर या क्षेत्रातच भांडण आहे. गिअर्स यांनीच 2017 मध्ये लिहिलं की ज्या घरांत खुणा वापरल्या नाहीत, तिथली इम्प्लांटवाली मुलं पुढे बोलण्यात आणि वाचण्यात सरस निघाली. त्या निष्कर्षावर लगोलग बरेच आक्षेप घेतले गेले. ज्यांचं बोलणं आधीपासूनच बरं होतं त्या घरांनी खुणा सोडून दिल्या असतील, मग श्रेय कशाला द्यायचं, हा त्यातला एक, आणि मला तो पटतो. तुमच्या थेरपिस्टचं म्हणणं त्यांच्या पद्धतीला धरून आहे, थेरपीच्या तासात त्यांचंच ऐका. पण आंघोळीच्या वेळी, नदीवर, मशीन दुरुस्तीला गेलेलं असताना घरात काही खुणा असल्या तर तिचं बोलणं बुडत नाही, हे माझं इतक्या मुलांवरून झालेलं मत. वरच्या मुलीनं जे लिहिलंय ते मला माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तिच्यासारख्याच इम्प्लांटवाल्या आणि इतर कर्णबधिर मुलांशी लेकीची गाठ घालून द्या. आपल्यासारखी आणखी मुलं आहेत हे तिला लहानपणीच दिसायला हवं.

नगरचा_बाबा

मॅडम, सवलतींबद्दल एक वेगळा मुद्दा सांगतो. आम्हाला पाचवीत सुचवलं होतं की हिंदी सोडून द्या, सवलत मिळते. आम्ही सोडली नाही. मुलाला कार्टून बघून हिंदी आवडायला लागली होती आणि वर्गातली सगळी मुलं तो तास करणार आणि हा बाहेर बसणार, हे त्याला नको होतं. आज हिंदीत पास होतो, फार मार्क नाहीत, पण बाजारात हिंदी बोलणाऱ्याशी बोलतो. सवलत आहे म्हणून घ्यायलाच हवी असं नाही.

बाकी ताई, पावसाळ्यात मशीनला प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो. टोपी घाला आणि रात्री ड्राय किटमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत, ठेवा. आणि बागेत प्लास्टिकची घसरगुंडी असेल तर आधी मशीन काढून घ्या. त्यावर घसरलं की अंगात वीज साठते आणि मॅपिंग बिघडू शकतं, हे आम्हाला फिटिंगच्या वेळीच बजावलं होतं.

श्रवणवाट

दादा, तुमचं बरोबर आहे, मुलाला झेपतंय आणि आवडतंय तर सोडवू नका. कायद्याच्या कलम 17 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आणि परीक्षेला जादा वेळ यांचा उल्लेख आहे. तो हक्क हाताशी असावा, वापरायचा की नाही ते पाचवी-सहावीत मुलाकडे बघून ठरवावं. जादा वेळ मात्र सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणेन, कारण प्रश्न वाचून समजायलाच त्यांचा वेळ जातो.

कृष्णाकाठ ताई, शाळा उघडायच्या आधीच एकदा मुख्याध्यापकांना भेटा. एका कागदावर लेखी अर्ज द्या: उजव्या कानाला इम्प्लांट आहे, अमुक बाजूला दुसऱ्या बाकावर बसवावं, श्रुतलेखन घेताना बाईंनी तिच्यासमोर उभं राहावं, परीक्षेच्या तोंडी सूचना फळ्यावर लिहाव्यात, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटीसाठी कळवावं. सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. कोणी म्हणालं की ऑपरेशन झालंय, आता हिला कसलं प्रमाणपत्र, तर मशीन काढून दाखवा आणि मागून हाक मारायला सांगा. तिच्या वर्गशिक्षिकांकडे एका छोट्या डबीत जादा बॅटरी आणि तुमचा फोन नंबर ठेवा. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.